नोरीनच्या मांडीवरचा पाय

हातमोजे चढवण्याआधी नोरीन नळ सोडायची. खिडकीखालच्या पांढऱ्या बेसिनपाशी पाठमोरी उभी राहून कोमट पाण्याच्या धारेखाली ती आपले हात इतका वेळ धरून ठेवायची, की काचेवर वाफेचा पुसट पडदा धरायचा आणि पलीकडचं शॅनन खाडीवरचं करडं आकाश काही क्षण दिसेनासं व्हायचं. मग टॉवेलने बोटन् बोट कोरडं करून ती ठेंगण्या स्टुलावर बसायची, मांडीवर स्वच्छ कागद पसरायची आणि बाबांचं उजवं पाऊल दोन्ही तळहातांत उचलून घ्यायची. भरलेलं ताट दुसऱ्याच्या हातून अलगद घ्यावं, तसं.

त्या पावलाला ऊब आणि गारठा यांतला भेद कळत नव्हता. हे मला ठाऊक होतं, बाबांना ठाऊक होतं आणि नोरीनला तर आम्हा दोघांहून अधिक. म्हणून एकदा मी तिला विचारलं, की तळव्याला जर काही जाणवतच नाही, तर हात कोमट करण्याचा हा खटाटोप कशासाठी? तिने मान वर न करता उत्तर दिलं, "पायाला नाही कळत. पण ते बघत असतात ना."

नोरीन तेव्हा साठीच्या पुढे होती. पायांच्या विकारांवर उपचार करण्यात तिची उभी हयात गेली होती. औषधांच्या दुकानाला लागून असलेली तिची खोली एवढीशी, की रुग्ण, त्याची उंच खुर्ची, ती आणि तिचा भिंगाचा दिवा यांतच भरून जायची. क्लेअर परगण्याच्या पश्चिमेकडे, समुद्राच्या वाऱ्याने झाडं एका बाजूला कललेली असतात अशा एका शेतावर ती वाढलेली. तिचे हात रुंद, लालसर, नखं मुळापर्यंत कापलेली. गाय विताना वासरू ओढून काढणाऱ्या माणसाचे वाटावेत असे ते हात, आणि त्याच हातांतली सुरी जखमेच्या कडेवरून फिरू लागली, की मोगऱ्याची कळी खुडणाऱ्या बोटांची हलकी चाल त्यांत यायची.

माझे बाबा, शंकरराव, यवतमाळकडचे. वीज मंडळात लाइनमन म्हणून चौतीस वर्षं त्यांनी खांबांवर काढली. उन्हाळ्यात तापलेल्या लोखंडावर, श्रावणात शेवाळलेल्या कडांवर बोटांची पकड घेऊन वर चढणारी ती पावलं. त्यांच्या टाचांवरच्या भेगा आणि चवड्यांवरचे घट्टे मी लहानपणापासून पाहत आले होते. पंधरा वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह झाला, आणि घरात राहायला आलेल्या दूरच्या नातेवाइकाला वागवावं, तसं त्यांनी त्याला वागवलं: गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, पण त्याच्याविषयी बोलणं नाही. तळव्यांना मुंग्या येत, मग त्या येईनाशा झाल्या. मुंग्या गेल्या म्हणजे दुखणं गेलं, असं त्यांनी मनाशी धरलं.

आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी त्यांना इकडे परदेशी, माझ्या घरी बोलावून घेतलं. जानेवारीचे दिवस होते. इथला जानेवारी म्हणजे दुपारी चारलाच विझू लागणारा उजेड, खाडीवरून आडवा येणारा पाऊस आणि घराघरांत भिंतीला लावलेल्या, गरम पाण्याच्या रेडिएटरची मंद, अखंड कुरकुर. बाबा संध्याकाळी दिवाणखान्यात खुर्ची ओढून बसत आणि दोन्ही तळवे रेडिएटरला टेकवून खिडकीबाहेर बघत राहत. मागच्या कुरणातून गेलेली विजेची लाइन त्यांना तिथून दिसायची. "लाकडाचे खांब आहेत यांचे," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "अजून लाकडाचे. अन् टिकून रायले, पाह्य." मी ऑफिसातून येई, तेव्हा ते त्याच जागी, त्याच स्थितीत असत, आणि मला वाटे, चला, बाबा रमले.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने, इराने, ते प्रथम पाहिलं. तिला मराठी समजतं. उत्तर मात्र इथल्या हेलातल्या इंग्रजीत येतं. गालिच्यावर पालथी पडून चित्र काढता काढता ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, युअर फूट इज लीकिंग."

मोज्याचा तळ ओला होता. त्याखाली कापडाची चिंधी, चिंधीखाली हळद आणि हळदीखाली उजव्या चवड्यावर एक फुटलेला फोड. त्याची कातडी बाजूला सरकून आतला ओला, फिकट भाग उघडा पडला होता. आठ दिवसांपासून ते होतं. रेडिएटरने तळवा भाजला होता आणि तळव्याने कुणालाही कळवलं नव्हतं.

"बाबा, सांगितलं का नाहीत?"

"मले काही दुखतच नाही, तर काय सांगू?" ते म्हणाले. त्यांच्या स्वरात लपवाछपवी नव्हती. त्यांना खरोखरच नवल वाटत होतं.

रुग्णालयात एक्स-रे झाला. हाड शाबूत होतं, पायाचा रक्तपुरवठाही बरा होता. पण तिथल्या तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, की अशी जखम खोल गेली तर बोट जातं, आणि बोटावर थांबेलच याची हमी कुणी देत नाही. त्याने गोळ्या दिल्या, साखर आटोक्यात आणण्यासाठी इन्सुलिन सुरू केलं आणि ड्रेसिंगसाठी नोरीनचं नाव सांगितलं. बाबांच्या व्हिसाची मुदत मी वैद्यकीय कारणासाठी वाढवून घेतली. त्या आठवड्यात रेडिएटरपुढे आम्ही एक बाक आडवा टाकला.

पहिल्या दिवशी नोरीनने पाऊल मांडीवर घेतलं आणि बाबांनी ते झटकन मागे ओढलं. "तिले सांग, मांडीवर नको घेऊ. बरं नाही वाटत." मी सांगितलं. नोरीनने त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "त्यांना सांग, या मांडीवर एका बिशपचा पाय येऊन गेलाय. त्याच्या बोटांची अवस्था याहून वाईट होती." मी भाषांतर केलं. बिशप म्हणजे कोण, तेही समजावलं. बाबा क्षणभर गंभीर राहिले, मग हसले, आणि पाऊल परत तिथे ठेवलं.

तिने विचारलं, नाव काय? शंकर, मी म्हटलं, आणि 'राव' जोडायच्या आत तिने ते उचललं. त्या दिवसापासून ती त्यांना नुसतं शंकर म्हणू लागली. मला ते खटकलं. परतीच्या वाटेवर मी तसं बोलूनही दाखवलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. "म्हणू दे," ते म्हणाले. "माय गेल्यापासून नुसतं शंकर कोणी म्हणतच नाही."

मग आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, आमचा तो शांत विधी सुरू झाला. जखम खारट पाण्याने धुणं. कडेची मेलेली, पांढुरकी कातडी सुरीने तासून काढणं. एका बोथट सळईने खोली पाहणं, सळई हाडाला लागत नाही ना याची खात्री करणं. कागदी पट्टीने लांबी-रुंदी मोजणं. पहिल्या दिवशी अठ्ठावीस मिलिमीटर. पुढच्या आठवड्यात सव्वीस. ती आकडा मोठ्याने उच्चारायची आणि बाबा तो इंग्रजीत पुन्हा म्हणायचे. त्यांच्या इंग्रजीत चाळीसच्या आतले आकडे आणि 'ग्रँड' हा शब्द एवढीच भर इथे पडली. सारं काही ठीक असलं की नोरीन 'ग्रँड' म्हणायची, हेल न काढता, सपाट स्वरात.

पायात गुडघ्यापर्यंतचा एक जाड काळा बूट आला. चवड्यावर भार पडू नये अशी त्याची घडण होती. तो झोपताना सोडून कधीच काढायचा नाही, आणि घालूनही फक्त न्हाणीघरापर्यंत जायचं, एवढंच. "औषध मी लावते," नोरीन म्हणाली, "पण जखम भरते ती न चालण्याने." चौतीस वर्षं रानोमाळ चाललेल्या माणसाला दिलेली ही सगळ्यांत अवघड आज्ञा होती, आणि बाबांनी ती सहा आठवडे निमूटपणे पाळली. जखम एकोणीस मिलिमीटरवर आली.

मार्चच्या सुरुवातीला वादळ आलं. एक रात्र आणि अर्धा दिवस वारा घराच्या कौलांना हात घालत राहिला. दुसऱ्या दिवशी वीज नव्हती, ऑफिस बंद होतं. मी चार पाव आणि मेणबत्त्या आणायला बाहेर पडले. परतले तेव्हा खुर्ची रिकामी आणि काळा बूट तिच्या शेजारी उभा. मागच्या खिडकीतून पाहिलं: कुरणातला एक खांब कोसळला होता, नारिंगी हेल्मेटवाले चार लाइनमन नवा खांब उभा करत होते, आणि चिखलात, माझ्या नवऱ्याचे गमबूट घालून, बाबा त्यांच्यात उभे होते.

त्यांना त्या लोकांची भाषा येत नव्हती. ते हाताने काही दाखवत होते, दोराचा ताण कुठल्या अंगाला हवा ते. आणि त्यांतला थोराड माणूस मान डोलावून ऐकत होता. खांब डुलत डुलत सरळ झाला, तेव्हा बाबांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून मान मागे टाकली आणि टोकाकडे पाहिलं. आई गेल्यानंतर त्यांना असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी दार उघडून हाक मारायला हवी होती. मी मारली नाही. पाच मिनिटं, कदाचित दहा, मी पडद्याआड उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले, कारण ते सुखात होते.

गुरुवारी नोरीनने ड्रेसिंग सोडलं आणि तिचे हात थांबले. जखमेभोवती लालसर सूज चढली होती आणि ती पावलाच्या वरच्या अंगाला पसरू लागली होती. वास बदलला होता. तिने कागदी पट्टी घेतली नाही. खिशातून पेन काढलं आणि लाली जिथे संपत होती, तिथे कातडीवर निळी रेघ ओढली.

"काय झालं?" तिने विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच बाबा म्हणाले, "मी सांगतो. तू फक्त तिच्या भाषेत सांग." आणि त्यांनी सगळं सांगितलं: खांब, दोर, गमबूट, दीड तास. मी माझी दहा मिनिटंही त्यात घातली. नोरीनने ऐकून घेतलं.

"खांब नीट उभा राहिला का?"

"राहिला," बाबा म्हणाले.

"तुम्ही खांबावर चढायचात, तेव्हा तारेत वीज आहे की नाही, हे कसं ओळखायचात?"

बाबांना प्रश्न आवडला. ते सरसावून बसले. "टेस्टर लावून. पाहून समजत नाही बाप्पा. तार बंद असो की चालू, दिसते सारखीच. बंद आहे असं समजून जो हात लावते, तो..." आणि ते तिथेच थांबले.

मी उरलेलं वाक्य भाषांतरित केलं नाही. तशी गरजच नव्हती. बाबांनी वाकून आपल्या पावलाकडे पाहिलं. एखाद्या अनोळखी माणसाला प्रथमच नीट निरखावं, तसं बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तिले सांग, माह्यं चुकलं."

"चूक नाही," नोरीन म्हणाली. "पण आता इथून थेट रुग्णालयात."

ते पाच दिवस मला आजही संपूर्ण आठवत नाहीत. शिरेतून औषध चालू होतं. सर्जन येऊन पायाच्या दुसऱ्या बोटावर पेनाने खूण करून गेला; बघू, म्हणाला. बाबा शांत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बोट कापलं तर चप्पल घालता येते नं?" मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले. मनात एकच होतं: दार उघडून हाक मारायला मला किती क्षण लागले असते?

रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेहून परतताना नोरीन आली. पांढऱ्या अंगरख्याविना मी तिला प्रथमच पाहत होते. निळा कोट, ओठांवर फिकट रंग, हातात कागदात गुंडाळलेला घरचा काळपट पाव. तिने पांघरूण बाजूला केलं, चष्मा लावला आणि आपल्या त्या निळ्या रेघेकडे पाहिलं. लाली रेघेच्या बोटभर आत सरकली होती. "ग्रँड," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, तिच्या एरवीच्या कामकाजी स्वरात म्हणाली, "मीही त्यांना लगेच हाक मारली नसती." एवढंच. पण त्या वाक्यानंतर मी घरी जाऊन जेवले.

बोट राहिलं. पुन्हा एकवीस मिलिमीटरपासून मोजणी सुरू झाली. एप्रिलभर बाबा खऱ्या अर्थाने बसले. त्यांच्या बसण्यात आता सक्तीचा अवघडपणा नव्हता. लाइनवर काम चालू असताना खाली पहारा देणाऱ्या माणसाची ती सावध स्थिरता होती. बाहेर दिवस लांबत चालले, कुंपणांवरच्या काटेरी गॉर्सच्या झुडपांना पिवळ्या फुलांचे घोस आले, संध्याकाळी आठलाही कुरणावर तिरपा, मधाळ उजेड रेंगाळू लागला. नोरीनचा भिंगाचा दिवा मधेच मान टाकायचा. एका गुरुवारी बाबांनी खिशातून तारेचा तुकडा काढला आणि ती ड्रेसिंग बांधेपर्यंत दिव्याच्या मानेला असा पीळ दिला, की तो पुन्हा कधी झुकला नाही. तिने दिवा वरखाली करून पाहिला आणि म्हणाली, "शंकर, इतकी वर्षं कुठे होतास?" मी भाषांतर केलं. बाबा लाजले.

पंधरा. अकरा. सहा. मेच्या अखेरीस एका दुपारी तिने पट्टी काढली, जखमेवर धरली आणि परत ठेवून दिली. मोजायला काही उरलं नव्हतं. चवड्यावर गुलाबी, चकचकीत, पातळ कातडीचा एक ठिपका होता. नुकत्याच फुटलेल्या आंब्याच्या पानासारखा कोवळा. मी हसू लागले तशी तिने बोट वर केलं. "बंद झालीय. बरी झाली असं वर्षाने म्हणू." मग तिने बाबांना काठीवरचा आरसा दिला आणि शिकवलं: रोज सकाळी तळवे पाहायचे, बोटांच्या बेचक्या पाहायच्या, पायताण घालण्याआधी आत हात फिरवायचा, अनवाणी कधीही नाही, घरातसुद्धा नाही, देवळात जायचं तर जाड मोजे. बाबांनी देवळाचा मुद्दा दोनदा विचारून घेतला.

जूनमध्ये ते परत गेले. निरोप घेताना नोरीनने हात पुढे केला आणि बाबांनी तो दोन्ही हातांत धरला. काही बोलावं असं दोघांनाही वाटत असावं. शेवटी बाबांनी त्यांच्यापाशी होता तो एकमेव शब्द वापरला. "ग्रँड," ते म्हणाले, आणि मला तो नेहमीइतका सपाट वाटला नाही.

आता यवतमाळला दर रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर चार-पाच निवृत्त लाइनमन मोजे काढून बसतात. बाबा आरसा घेऊन एकेकाचा तळवा बघतात, नायलॉनचा बारीक धागा टेकवून विचारतात, लागतंय का? दोघांना त्यांनी वेळेत डॉक्टरकडे पाठवलं. त्यांतल्या एकाच्या टाचेत खिळा होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. फोनवर हे सांगताना त्यांचा आवाज खांब सरळ झाल्याच्या दुपारसारखा असतो.

नोरीन पुढच्या वर्षी निवृत्त झाली. त्या खोलीत आता चष्म्याचं दुकान आहे. ती उत्तरेकडे बहिणीजवळ राहायला गेली, एवढं औषधांच्या दुकानातल्या बाईने मला सांगितलं. नेमकं गाव तिलाही माहीत नव्हतं. बाबा अधूनमधून विचारतात, "नोरीन कशी आहे?" आणि मी म्हणते, बरी असेल.

ती म्हणाली होती तसं वर्ष उलटलं, दुसरंही उलटलं. कुठेसं वाचलं, की तळव्याची कातडी दर काही आठवड्यांनी झडते आणि नवी येते. म्हणजे तिच्या हातांनी जपलेली ती कातडी तर केव्हाच गेली. आज बाबा ज्या पावलाने यवतमाळच्या उन्हात दूध आणायला जातात, त्याच्या कातडीचा कणभरही भाग तिने कधी पाहिलेला नाही. काळ असंच सगळं बदलून टाकतो, एकेक पदर, कुणाला न दुखवता. आणि जे माणूस आता कुठे आहे हेही आपल्याला ठाऊक नसतं, त्याच्या आधारावर आपण रोज सकाळी उठून चालू लागतो.